विद्यार्थी ‘सौभद्र’ करतात तेव्हा: कुठे बघायचं, काय लिहायचं

विद्यार्थ्यांच्या संगीत नाटकावर जे लिहून येतं, त्यातलं निम्मं पडदा उघडायच्या आधीच ठरलेलं असतं. ‘तरुणाईने शिवधनुष्य पेललं’, ‘संगीत रंगभूमीला चांगले दिवस आहेत’ आणि शेवटी तोंडी लावायला ‘गायनात अजून रियाजाची गरज’. हे सगळं प्रयोग न बघताही लिहिता येतं. ते वाचून सुभद्रा करणाऱ्या मुलीला उद्याच्या तालमीत नेमकं काय बदलायचं याचा पत्ता लागत नाही. दुसरं टोक त्याहून वाईट. समोर एकोणीस वर्षांचा मुलगा गातोय आणि तुलना चाललीय ध्वनिमुद्रिकेतल्या एखाद्या दिग्गजाशी. त्या तुलनेतून निष्कर्ष एकच निघतो आणि तो सगळ्यांना आधीपासून माहीत असतो.

विद्यार्थ्यांचा प्रयोग नीट बघायचा तर गळ्यापेक्षा सांधा बघावा. सांधा म्हणजे बोलणं थांबून गाणं सुरू होतं ती जागा आणि गाणं संपून बोलणं पुन्हा सुरू होतं ती जागा. संगीत नाटक तिथे उभं राहतं किंवा तिथेच पडतं. गळा तयार व्हायला वर्षं लागतात, सांधा पंधरा दिवसांत सुधारतो. म्हणून टीकेचा उपयोगही तिथेच जास्त.

उदाहरणाला ‘संगीत सौभद्र’ घेऊ, कारण महाविद्यालयं आणि नाट्यशिक्षणाच्या संस्था वारंवार त्याच्याकडे वळतात. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ 1880 साली आणलं, ‘सौभद्र’ त्यानंतर दोन वर्षांनी. मुलांच्या दृष्टीने सोय अशी की अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाची कथा हलकीफुलकी आहे, सुभद्रा-रुक्मिणीसारख्या मुलींना करण्याजोग्या चांगल्या भूमिका आहेत, लेखक 1885 सालीच गेल्यामुळे संहितेच्या परवानगीचा प्रश्न येत नाही आणि प्रेक्षकांतल्या ज्येष्ठांना निम्मी पदं तोंडपाठ असतात. हे शेवटचं जितकं सोयीचं तितकंच घातक.

पहिला हिशेब मिनिटांचा

मूळ संहितेत पदं शंभराच्या वर आहेत. रात्र रात्र नाटक चालायचं तेव्हा ते चालून गेलं. आज नाट्यगृहाचं सत्र, मुलांची ताकद आणि शेवटची बस यांच्यात नाटक अडीच तासांत बसवावं लागतं. म्हणजे दीडशे मिनिटं. मध्यंतराची पंधरा गेली, उरली एकशे पस्तीस. बावीस पदं ठेवली आणि प्रत्येक सरासरी तीन मिनिटांत आटोपलं, तर गाण्याला सहासष्ट मिनिटं लागतात आणि गद्याला जवळजवळ सत्तर मिळतात. हे प्रमाण नाटकाला मानवतं. तीच बावीस पदं पाच-पाच मिनिटं गायली की एकशे दहा मिनिटं गाण्यात जातात, गद्याला पंचवीस. पंचवीस मिनिटांत सुभद्रा दुर्योधनाला देण्याचा बलरामाचा हट्ट, नारदाची काडी, अर्जुनाचा वैताग, घटोत्कचाने केलेलं हरण, खोटा संन्यासी आणि कृष्णाची सगळी कारस्थानं मावत नाहीत. मग प्रेक्षकाला अर्जुन संन्यासी का झाला तेच कळत नाही, आणि संन्याशाच्या वेशातल्या अर्जुनाच्या सेवेला खुद्द सुभद्रेलाच नेमतात तेव्हा हशा येत नाही.

त्यामुळे रंगावृत्तीबद्दल, म्हणजे प्रयोगासाठी कापलेल्या संहितेबद्दल बोलताना ‘काटछाट चांगली होती’ असं मोघम लिहू नये. काय कापलं ते लिहावं. मुलांच्या संचात नेहमी होणारी चूक म्हणजे गाजलेली आठ-दहा पदं राखायची आणि साक्या-दिंड्या उडवायच्या, कारण त्या कोणाला माहीत नसतात. पण साकी, दिंडी, कामदा ही जुन्या वृत्तांतली, कथा पुढे ढकलणारी पदं आहेत. दिंडीची ओळ एकोणीस मात्रांची, नवव्या मात्रेवर थांबा. दोन पात्रं एकेक ओळ वाटून घेऊन तीस-चाळीस सेकंदांत वाद, विनंती, नकार सगळं उरकतात. तिला ताना लागत नाहीत, मोठा गळा लागत नाही, बोलल्यासारखं गाता आलं की पुरतं. म्हणजे कच्च्या गळ्याच्या मुलांना सर्वांत जमणारा प्रकार नेमका हाच, आणि तोच कात्रीत सापडतो. उरतं काय, तर वेशभूषा केलेली नाट्यगीतांची मैफल.

संहिता आधी वाचून जावं हे सांगायची गरज पडू नये. प्रत्यक्षात गरज पडते.

तिसऱ्या घंटेच्या आधी

पाच मिनिटं लवकर आत जाऊन साथ कुठे बसलीय ते बघून ठेवावं. किर्लोस्करांच्या वेळी साथीला सारंगी-तबला असे, ऑर्गन पुढे बालगंधर्वांच्या काळात रुळला. साथीदारांनी रंगमंचासमोर, खाली बसायची जुनी पद्धत नुसत्या शोभेसाठी नव्हती. नट साथीदारांना पाहू शकत होता, साथीदार नटाचे ओठ वाचू शकत होते. आता बऱ्याच ठिकाणी पुढची रांग अडते म्हणून किंवा जागाच नाही म्हणून साथ विंगेत ढकलतात. मग नट प्रेक्षकांकडे तोंड करून गातो आणि तबलजीला त्याची पाठ किंवा कान दिसतो. अशा प्रयोगात समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला गडबड झाली तर दोष गाणाऱ्यावर टाकण्याआधी ही बैठक आठवावी.

साथच नसेल, पेन ड्राइव्हवरचा माइनस ट्रॅक (आवाज वगळून नुसती साथ) असेल, तर तेही टिपून ठेवावं आणि स्पष्ट लिहावं. ट्रॅक वाईट असतो असं नाही. पण ट्रॅक थांबत नाही. हशा आला, नटाचा श्वास कमी पडला, ओळ विसरली, शेला अडकला, तरी तो आपल्या गतीने पुढे जातो. नटाचं सगळं लक्ष मग समोरच्या पात्राऐवजी त्या न दिसणाऱ्या मोजणीवर राहतं. ऑर्गन मिळत नसेल तर साधी पेटी आणि तबला एवढ्यावर प्रयोग करावा, तो ट्रॅकपेक्षा जिवंत होतो.

नांदी ही समीक्षकाला मिळालेली फुकटची चाचणी. सगळा संच एकत्र उभा असतो. मुलगे आणि मुली एकाच पट्टीत, एका सप्तकाच्या अंतराने गातायत का, माइकचा तोल कोणाकडे झुकलाय, कोण आवाज न काढता नुसते ओठ हलवतोय, ऑर्गन किती मोठा आहे हे दोन मिनिटांत कळतं. नांदी कणसूर झाली तर बहुधा रंगमंचावर सूरच ऐकू येत नाहीये. सभागृहात तानपुरा घुमत असतो, पण नटांकडे तोंड केलेला स्पीकर बंद किंवा कमी असतो. तो दुसऱ्या पदापर्यंत दुरुस्त झाला तर ध्वनी बघणारा जागा आहे असं समजावं.

पट्टीचं गणित

पेटीच्या पट्ट्यांच्या नावांनी सांगायचं तर मुलग्यांचा गळा साधारण काळी एक ते काळी दोनमध्ये बसतो, मुलींचा पांढरी चार ते काळी पाचच्या दरम्यान कुठेतरी. एकट्याचं पद असेल तर प्रश्न नाही, ज्याची त्याची पट्टी. प्रश्न येतो दोघांनी वाटून गायच्या पदांत. काळी एक आणि काळी चार यांत पंचमाचं अंतर आहे. मुलाच्या पट्टीत गायलं तर मुलगी एकतर खर्जात पुटपुटते किंवा वरच्या सप्तकात ओरडते. मुलीच्या पट्टीत गायलं तर मुलाचा तारसप्तकातला षड्ज फाटतो. यावर तोडगे आहेत. मधली पट्टी घेऊन दोघांनी थोडं थोडं सोसणं, एकाची ओळ संपली की ऑर्गनने दोन सुरांत पट्टी बदलून देणं, किंवा एकाच्या ओळी सरळ गद्यात घेणं. शेवटचा तोडगा पुष्कळांना पाप वाटतो, पण बेसूर गाण्यापेक्षा नीट बोललेली ओळ कधीही परवडली. कृष्ण किंवा नारद मुलीने केला की ही अडचण आपोआप सुटते, आणि ज्या रंगभूमीवर पुरुष सुभद्रा करत आले तिथे याला नाक मुरडण्याचं कारण नाही.

पट्टी बदलते म्हणजे तबलाही बदलतो. काळी एकला लहान तोंडाचा तबला, पांढरी पाच-काळी चारला मोठ्या तोंडाचा. तबलजीकडे किमान दोन तबले हवेत आणि पदांच्या क्रमानुसार हाताशी हवेत. एकच तबला ओढून-ताणून दोन्हीकडे चालवला की तो धड कुठेच लागत नाही. त्यात वातानुकूलित सभागृह. महिनाभर तालीम झालेली असते दमट वर्गखोलीत. थंड, कोरड्या हवेत कातडं ताणलं जातं आणि तबला चढतो, ऑर्गनचा सूर मात्र जागचा हलत नाही. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला हातोडीची ठोक ऐकू आली तर रागावू नये. ती ऐकू आली नाही तर कान टवकारावेत.

आता सांधा

बोलण्यातून गाण्यात जाताना चार गोष्टी बिघडतात.

पहिली, सूर उशिरा येतो. नटाचं वाक्य संपतं, शांतता पसरते, मग ऑर्गनवाला भानावर येऊन चार आवर्तनांचा तुकडा वाजवतो. तोवर अर्जुनाचा राग विझलेला असतो आणि तो आता शांतपणे रागाचं गाणं गाणार असतो. खरं तर शेवटच्या वाक्याच्या शेवटच्या तीन-चार शब्दांखालीच षड्ज हळूच लागला पाहिजे. प्रेक्षकाला तो वेगळा ऐकू येऊ नये, नटाला यावा. वाक्याचा शेवट आणि पदाचा पहिला शब्द यांत एका श्वासापेक्षा जास्त अंतर नको.

दुसरी, बोलण्याची उंची. सुभद्रा संतापून किंवा रडून वाक्य वरच्या आवाजात संपवते आणि पद सुरू होतं मंद्र-मध्य सप्तकात. गळा एवढा खाली एका झटक्यात येत नाही, पहिली ओळ कापरी निघते. लोक म्हणतात मुलगी घाबरली. घाबरलेली नसते, दिग्दर्शकाने शेवटचं वाक्य खाली आणलेलं नसतं.

तिसरी, शरीर. बोलताना पात्र असलेला मुलगा गाणं आलं की पाय जुळवतो, प्रेक्षकांकडे वळतो, उजवा हात वर उचलतो आणि गायक होतो. मैफलीतली सवय. त्याला हालचाल शिकवून फायदा नाही. हे पद तू कोणाला आणि कशासाठी ऐकवतोयस, हे विचारून घ्यावं लागतं.

चौथी, परतीचा सांधा. याकडे दिग्दर्शकही बघत नाहीत. पद संपलं, टाळ्या आल्या. समोरचं पात्र टाळ्या पूर्ण विरेपर्यंत थांबतं, मग दोन सेकंद शून्य, मग वाक्य. बावीस पदांना असं झालं की नाटक बावीस वेळा नव्याने सुरू करावं लागतं. टाळ्या उतरणीला लागल्या की वाक्य टाकायचं, आणि त्या वाक्याचे पहिले दोन शब्द बिनमहत्त्वाचे ठेवायचे, म्हणजे ते बुडाले तरी चालतं. मित्रमंडळींच्या ‘वन्स मोअर’चंही तसंच. जुन्या काळी ती दाद होती, विद्यार्थ्यांच्या प्रयोगात ती वसतिगृहाची हजेरी असते. पुन्हा गायलं तर मिनिटांचा वरचा सगळा हिशेब कोसळतो.

हे चारही दोष एकत्र दिसले आणि पदं सुटी सुटी मात्र चांगली झाली, तर निदान पक्कं. गाण्याची तालीम एका खोलीत गुरुजींकडे, गद्याची दुसऱ्या खोलीत दिग्दर्शकाकडे, आणि दोन्ही एकत्र आली ती शेवटच्या दोन-तीन दिवसांत. हा दोष वेळापत्रकाचा आहे. त्याचं खापर कोणत्याही नटावर फोडू नये. पहिल्या आठवड्यापासून रोज अर्धा तास नुसत्या सांध्यांची तालीम घ्या, असं लिहावं. म्हणजे आधीची चार वाक्यं, पदाची पहिली ओळ, मधलं सगळं वगळून पदाची शेवटची ओळ आणि पुढची दोन वाक्यं. अर्ध्या तासात दहा-बारा पदांचे सांधे सहज होतात.

मैफल गळ्यात बसलेली

आजची मुलं पदं ऐकतात ती यूट्यूबवर, आणि तिथे मिळतात बहुधा मैफलीतली रूपं. बारा मिनिटांचं पद, आलाप, बोल-ताना, सरगम, तिहाई. मुलगी तेच घोकते आणि रंगमंचावर आणते. ‘वद जाऊ कुणाला शरण’ हे अडचणीत सापडलेल्या, कोणाकडे मदत मागावी ते न कळणाऱ्या मुलीचं पद आहे. त्यात प्रश्न आहे. ‘कुणाला’ या शब्दावर थोडं रेंगाळलं तर प्रश्न ऐकू येतो. त्याच शब्दावर सपाट तान टाकली की ही मुलगी संकटात नसून उत्तम तयारीत आहे एवढंच कळतं. कुठली तान नाटकाची आणि कुठली मैफलीची, याची एक सोपी कसोटी आहे: ती काढून टाकली तर पात्राचं काही बिघडतं का? नाही बिघडत, तर ती मैफलीची.

श्वास कुठे घेतला तेही ऐकावं. ‘राधाधर मधुमिलिंद जय जय’ या ओळीत श्वास ‘राधाधर’नंतर घेता येतो. ‘राधा’वर थांबून ‘धर’ पुढे जोडलं की अर्थाचा पार चुथडा होतो. किर्लोस्करांच्या पदांत असे समास पुष्कळ आहेत, आणि मुलांना कोणी ते फोडून सांगितलेले नसतात. लय हा आणखी एक मुद्दा. घाबरलेला गाणारा लय वाढवतो. मुखडा पहिल्यांदा आला तेव्हा आणि शेवटी आला तेव्हा पायाने ठेका धरून बघावा. मध्यलयीतलं पद शेवटाला धावत असेल तर तबलजीनेही ओढ घेतलीय, त्याने ती धरून ठेवायला हवी होती. उलट गाणारा मात्रा चुकून समेच्या अलीकडे उतरला आणि तबलजीने प्रेक्षकांना कळू न देता त्याला सावरून घेतलं, तर ते नाव घेऊन लिहावं. त्याचं कौतुक एरवी कोणी करत नाही.

समोरचा काय करतोय

‘नच सुंदरि करूं कोपा’ गाताना सगळं सभागृह कृष्णाकडे बघतं. समीक्षकाने रुक्मिणीकडे बघावं. ती रुसलेली आहे आणि हे पद तिचा रुसवा काढण्यासाठी आहे. पदाच्या सुरुवातीला ती जिथे होती तिथेच शेवटी असेल, तर पद झालंच नाही, नुसतं गायलं गेलं. रुसवा कोणत्या ओळीला सैल पडतो, हसू कुठे दाबलं जातं, मान कधी वळते हे ठरलेलं हवं. विद्यार्थ्यांच्या प्रयोगात ऐकणारं पात्र बहुधा दोनच गोष्टी करतं. पुतळा होतं किंवा तालावर डोलतं. डोलणं जास्त वाईट, कारण रुसलेली रुक्मिणी रसिक श्रोती झालेली दिसते.

समूहाच्या पदात हा प्रश्न आणखी मोठा होतो. देवलांच्या ‘शारदा’तलं ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ हे मैत्रिणींच्या थट्टेचं पद. संच त्यावर एकसारखी हालचाल बसवतो आणि त्याचं स्नेहसंमेलनातलं नृत्य होतं. थट्टा एकसारखी नसते. एकीला खरोखर हसू येतंय, एकीला कसनुसं वाटतंय, एक शारदेच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झालीय, असं हवं. 1899 सालच्या या नाटकात नटी आणि पात्र जवळजवळ एका वयाच्या असू शकतात. ती ताकद विद्यार्थ्यांकडे आहे, व्यावसायिक संचाकडे क्वचितच असते. ती वापरली गेली की नाही हे नक्की लिहावं.

माइक, दिवे, मुकुट

कॉलर माइक शेल्याखाली किंवा मोहनमाळेखाली लावला की प्रत्येक हालचालीला खरखर येते. गालाजवळचा हेडसेट माइक दिसायला पौराणिक नसला तरी आवाज स्वच्छ देतो. चौदा पात्रं आणि सहा माइक अशी नेहमीची स्थिती, त्यामुळे विंगेत माइक एकाकडून दुसऱ्याकडे जातात. कोणता माइक कोणत्या प्रवेशात कोणाकडे, याचा तक्ता विंगेत चिकटवलेला असला की निम्मे घोळ टळतात. पहिला शब्द गिळला गेला तर तो नटाने गिळला की ध्वनीवाल्याने बटण उशिरा वर केलं, हे ओळखावं. प्रत्येक प्रवेशाचा पहिलाच शब्द जात असेल तर दोष ध्वनीकडे आहे, त्याच्या हातात खुणा केलेली संहिता नाही. मध्यंतरात सेल बदलले नाहीत तर तिसऱ्या अंकात कोणाचा तरी आवाज मधूनच नाहीसा होतो. तो नेमका गाताना होतो असा अलिखित नियम आहे.

प्रकाशासाठी ‘प्रिये पहा’ हे पद उत्तम कसोटी. रात्र सरतेय, उषःकाल येतोय, थंडगार वारा सुटलाय, दिव्यांचं तेज मंद होतंय, अरुण आपली प्रभा पसरतोय. प्रकाशयोजना कवीने लिहून ठेवलेली आहे. पद सुरू होताना समईचा पिवळा आणि मागे गडद निळा, मग निळा विरत जाऊन मागून हलकी लाली, अंतरा संपताना समोरचा प्रकाश. चार मिनिटांत अगदी सावकाश, कोणाच्या लक्षात न येता. विद्यार्थ्यांच्या प्रयोगात पदाआधीच दुपार झालेली असते, कारण गाणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे असा आग्रह असतो.

काळोख मोजावेत. प्रवेश बदलताना सतरा-अठरा काळोख आणि प्रत्येक वीस सेकंदांचा, म्हणजे सहा मिनिटं प्रेक्षक अंधारात खुर्च्या सरकण्याचा आवाज ऐकतोय. साथीने त्या वेळी पुढच्या पदाचा मुखडा वाजवत ठेवला तर तोच वेळ सुसह्य होतो. मुकुटाला आतून स्पंज नसेल तर तो दुसऱ्या अंकात कपाळावर घसरतो आणि कृष्ण मान वर करून गायला लागतो. त्याने तारसप्तक घशात अडकतं. अर्जुनाच्या छाटी-त्रिदंडाच्या वेशबदलाला किती वेळ ठेवलाय तेही बघावं. धापा टाकत आलेला संन्यासी पहिल्या ओळीला दम पुरवू शकत नाही.

भाषेबद्दल थोडक्यात: जुनं गद्य मुलं दोन प्रकारे मारतात. एकतर नाटकी हेल काढून त्याची टर उडवतात किंवा व्हॉट्सॲपवर बोलल्यासारखं सपाट करतात. मधली वाट म्हणजे वाक्य जसं आहे तसं, पण आज आपल्या भावाशी भांडताना जो वेग असतो त्या वेगाने.

टिपण आणि लेख

मोबाइलच्या उजेडात टिपू नये, मागच्यांना त्रास होतो आणि नटालाही दिसतं. घडी घातलेला कागद, जाड पेन्सिल, आणि अंधारात फक्त घटना: अंक, प्रवेश, पदाचा पहिला शब्द, काय घडलं. ‘वाईट’, ‘छान’ हे शब्द लिहूच नयेत, घरी आल्यावर ते निरर्थक ठरतात. ‘2/3, वद, सूर उशिरा, बसून गायली, कुसुमावती (सुभद्रेची सखी) विंगेकडे बघत होती’ एवढं पुरे.

लेखात काय फरक पडतो ते असं. ‘सुभद्रेच्या गायनात भाव कमी पडला’ हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याजागी: ‘सुभद्रेचं पहिलं पद बसून झालं आणि ते बसणं योग्य होतं, पण मांडी घातल्यामुळे तिचा श्वास पोटातून येईना आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गळून गेला. गुडघा उभा ठेवून, पाठ ताठ करून बसली तर ओळ पुरेल. पदाआधीचं वाक्य ती वरच्या आवाजात संपवते, ते खाली आणावं.’ हे वाचून मुलगी दुखावेलही, पण तिला करायला काहीतरी हाताशी मिळतं.

नावांचा प्रश्न नाजूक आहे. कौतुक नावाने करावं, दोष भूमिकेच्या नावाने. संचात शाळकरी मुलगे असतील आणि एखाद्याचा आवाज फुटण्याच्या वयात असेल, तर त्याच्या आवाजाबद्दल काहीही लिहू नये. त्याला ते पद देणाऱ्याबद्दल लिहावं. निवडीबद्दल तर नक्की लिहावं. ‘कट्यार काळजात घुसली’ घ्यायचं तर तयार गवई हाताशी हवा, कारण 1967 सालच्या त्या नाटकात गाणं हाच विषय आहे आणि तिथे दिंडीची पळवाट नाही. गळे कमी आणि अंगाने चपळ मुलं भरपूर असतील तर ‘घाशीराम कोतवाल’च्या घाटाचं, समूहाने उभं राहून गाणारं-नाचणारं नाटक जास्त न्याय देतं. 1972 साली पुण्यात उभ्या राहिलेल्या, नटांच्या रांगेच्या त्या मानवी पडद्याने एकेका मोठ्या गळ्यावरचं ओझं उतरवून ठेवलं. संचाकडे काय आहे ते न बघता नाटक निवडलं असेल, तर पुढचे सगळे दोष त्या एका निर्णयाची पिल्लं असतात.

प्रयोग संपल्याबरोबर रंगपटात जाऊन काहीही सांगू नये. तिथे मुलं रंग पुसत असतात, आई-वडील फोटो काढत असतात, आणि त्या वेळी सांगितलेली चूक लक्षात राहत नाही, सांगणाऱ्याचा चेहरा तेवढा राहतो. दोन दिवसांनी टिपण आधी दिग्दर्शकाकडे द्यावं. प्रयोगाचं चित्रीकरण झालं असेल तर प्रत्येक मुद्द्यापुढे मिनिट-सेकंद घालून द्यावेत, म्हणजे वाद निम्मे मिटतात. चित्रीकरणातल्या आवाजावरून मात्र सुराचा निवाडा करू नये. कॅमेऱ्याचा माइक सभागृहाच्या मागून ऐकतो आणि त्याला ऑर्गन नेहमीच जवळचा वाटतो.

दुसरा प्रयोग ठरलेला असेल तर तोच कागद घेऊन जावं आणि साथीच्या बाजूची, ऐकणारी पात्रं दिसतील अशी खुर्ची धरावी. पहिल्या वेळी टिपलेल्या सांध्यांपैकी कोणते बदलले, कोणते तसेच राहिले, एवढंच या वेळी बघायचं. नवे दोष दिसतील, ते मागच्या बाजूला लिहून ठेवावेत.